फॅक्टरी, वखार आणि कोठी

इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरतेस ठाणे मांडले, ही गोष्ट प्रत्येक शालेय इतिहासात येते. मराठी पुस्तक तेथे 'वखार' म्हणते, गुजराती पुस्तक 'कोठी' म्हणते आणि इंग्रजी माध्यमाचे मूल 'फॅक्टरी' वाचते. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपल्या घरांत हे तिन्ही शब्द एकाच वेळी नांदतात. त्यांतला घोटाळा करणारा कोणता, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणे. त्यावरून 'फॅक्टर' म्हणजे करणारा. पुढे अर्थ झाला, दुसऱ्याच्या वतीने व्यापार करणारा, म्हणजे आपला अडत्या किंवा गुमास्ता. असे फॅक्टर जेथे राहात आणि माल साठवीत ती फॅक्टरी. पोर्तुगीज तिला 'फेइतोरिया' म्हणत. कंपनीच्या नोकरीत तरुण 'रायटर' म्हणून लागे व बढती मिळाली की 'फॅक्टर' होई. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने जी इमारत राखली ती अशी गोदामवजा पेढी होती. तिच्यात गठ्ठे होते, वह्या होत्या, यंत्रे नव्हती.

आता उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतला खानदेशी मुलगा घ्या. फॅक्टरी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे बापाचे लूमचे 'खाते' उभे राहते. माझ्या शाळेतल्या अशाच एकाने उत्तरपत्रिकेत लिहिले की, इंग्रजांनी सुरतेला कापड विणायला शिकवले. शब्दावरून काढलेले त्याचे अनुमान तर्काला धरून होते. परंतु घडले नेमके उलटे. गुजरातच्या विणकरांचे कापड विकत घेण्यासाठी तर इंग्रज येथे आले! मुंबईत कापडगिरणी निघाली ती १८५० नंतर. एका शब्दामुळे विणकराचे श्रेय गिऱ्हाइकाच्या पदरात पडते, म्हणून ही चूक मला क्षुल्लक वाटत नाही.

आपले शब्दही धुतल्या तांदळासारखे नाहीत. आजच्या मुलाला वखार लाकडांची ठाऊक, आणि कोठी धान्याची. शिवकाळातील अठरा कारखान्यांत तर पीलखाना व अंबरखानाही येतात. तेथे हत्ती बांधीत आणि धान्य साठवीत. तरीही 'वखार' व 'कोठी' या दोन्ही शब्दांत साठवण शिल्लक आहे, आणि ती मुलाला सत्याच्या जवळ नेते. 'फॅक्टरी' आज मात्र फक्त उत्पादन सांगते.

म्हणून पालकांना एक विनंती. मूल कोणत्याही माध्यमात असो, हा धडा आला की त्याला तिन्ही शब्द शेजारी मांडून दाखवा. सुरतेत विणणारे कोण आणि विकत घेणारे कोण, हे मग त्याला निराळे सांगावे लागणार नाही.