गाणे उरले, ‘माणूस’ हरवला

आमच्या बडोद्यातील मराठी मंडळींच्या कोजागिरीला जुन्या चित्रपटगीतांचा तास ठरलेला असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका तासात एका तरुण मुलीने ‘कशाला उद्याची बात’ म्हटले. गळा गोड, तालाची जाण चांगली, आणि पदाचा ठेकाच असा की पुढच्या रांगेतील आजोबाही बोटांनी खुर्चीवर ताल धरू लागले. मराठी भाग संपताच ती थांबली व टाळ्यांचा कडकडाट झाला. मसाल्याच्या दुधाच्या वेळी मी तिला विचारले, “बाळ, पुढची कडवी का गाळलीस?” ती म्हणाली, “काका, ती दुसऱ्या भाषांतली आहेत ना! वेळ कमी आहे, तेवढी सोडून दे, असं सांगितलं होतं.”

गाळलेल्यांत गुजराती कडवेही होते. दीड-दोनशे वर्षे गुजरातेत नांदणाऱ्या माणसांच्या मेळाव्यात नेमके तेच गळावे, याची प्रथम गंमत वाटली. नंतर त्या गंमतीची जागा वेगळ्याच विचाराने घेतली. हे पद इतक्या भाषांतून का हिंडते, ते कोण म्हणते, कोणापुढे म्हणते, हे त्या रात्री जमलेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? गाण्याचे कुळ-मूळ न विचारता ते गुणगुणण्याचा अधिकार रसिकाला असतो, हे मान्य. तरीही एका मोठ्या चित्रपटाची सगळी पुण्याई तीन-चार मिनिटांच्या ठेक्यात जमा व्हावी आणि चित्रपट मात्र विस्मरणात जावा, ही गोष्ट मनाला लागून राहिली. आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे ‘माणूस’विषयी चार शब्द मांडावेत असे वाटण्याचे कारण हेच.

‘माणूस’ १९३९ साली आला. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीची निर्मिती, दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा ए. भास्करराव यांची, पदे अनंत काणेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे. (कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले हे बडोदे संस्थानातील कठोर गावचे, त्या नात्याने आम्ही बडोदेकर या संगीतावर थोडासा हक्क सांगतो, तो वाचकांनी सहन करावा.) गणपत या पोलीस शिपायाची भूमिका शाहू मोडकांनी व मैना या वेश्येची शांता हुबळीकरांनी केली. ‘आदमी’ या नावाने हिंदी आवृत्तीही त्याच वेळी निघाली. पुढे १९६८ मध्ये दिलीपकुमारांचा ‘आदमी’ आला आणि नावाच्या आठवणीतही हा पहिला ‘आदमी’ मागे पडला.

कथा थोडक्यात अशी. धाडीच्या रात्री गणपत मैनेला पोलिसांच्या हाती लागू देत नाही. त्या रात्रीतून ओळख, ओळखीतून ओढ, आणि ओढीतून तिला या जिण्यातून बाहेर काढण्याचा त्याचा निश्चय. तो तिला आपल्या आईपुढे नेतो. आई जुन्या वळणाची, देवभोळी. तरी ती मैनेला जवळ करायला तयार होते. ते जवळ करणे मैनेलाच पेलवत नाही. तिचा पूर्वायुष्यातला मामा तिचा पिच्छा सोडत नाही. अखेर तिच्या हातून त्याचा खून होतो. तुरुंगातून निसटण्याची वाट गणपत तिच्यापुढे ठेवतो आणि ती ती नाकारते.

शांतारामबापूंच्या त्या काळातील तीन सामाजिक चित्रपटांची नावे आपण एका दमात घेतो: ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’. घेतो एका दमात, पण मान सारखा देत नाही. १९३७ चा ‘कुंकू’ ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. त्यात जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न आहे, आणि नीरेच्या बंडापाठीमागे समाजसुधारणेची अर्ध्या शतकाची चळवळ उभी आहे. १९४१ चा ‘शेजारी’ हिंदू-मुसलमानांच्या स्नेहाविषयी. फाळणीपूर्वीच्या त्या वर्षांत त्याचे मोल कोणालाही सांगावे लागत नव्हते आणि आजही सांगावे लागत नाही. दोहोंच्या हाती एकेक फलक आहे. परिसंवादात, शताब्दीच्या लेखांत, शालेय पुस्तकांत अशा चित्रपटांची सोय लवकर होते.

‘माणूस’च्या हाती फलक नाही. तो वेश्यांच्या उद्धाराचा चित्रपट आहे असे वरवर म्हणता येते, पण चित्रपट लक्षपूर्वक पाहिला की ते म्हणणे टिकत नाही. उद्धाराची कथा असती तर तिला खलनायक लागला असता: कर्मठ आई, नाक मुरडणारे शेजारी, वाळीत टाकणारी बिरादरी. येथे ज्या आईकडून नकाराची अपेक्षा, तीच दार उघडते. नकार देतो तो मैनेच्या मनातला समाज. लोकांनी तिच्याविषयी जे ठरवले ते तिने स्वतःविषयी खरे मानलेले आहे. बाहेरचे दार उघडले तरी आतली कडी निघत नाही. कायद्याने, चळवळीने, हृदयपरिवर्तनाने सुटणारा हा प्रश्न नव्हे, आणि म्हणून तो व्यासपीठावरून मांडताही येत नाही. १९३९ साली मराठी बोलपटाचे वय अवघे सात वर्षांचे होते. त्या वयात मनोव्यापाराची ही बारीक गाठ त्याने ओळखावी, ही मला ‘माणूस’ची सर्वांत मोठी कमाई वाटते.

गणपतची बाजूही तशीच पाहावी. अंगावर गणवेश आहे, हाती अधिकार आहे. तो तिला अटक करू शकतो, सोडूही शकतो. या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती आहेत आणि दोहोंचा उपयोग नाही, कारण त्याला हवी असलेली गोष्ट अधिकाराने मिळणारी नाही. मोडकांचा चेहरा मुळात सात्त्विक, थोडा बुजरा. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, ते प्रभातच्याच ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाले आणि घरोघरच्या भाविकांच्या मनात त्याच रूपाने राहिले. गणपतच्या वाट्याला उपेक्षा येण्यास हेही एक कारण असावे. ज्याला हात जोडायचे त्याला वेश्यावस्तीच्या गल्लीत उभा असलेला आठवणे आपल्या घरांतून गैरसोयीचेच होते.

आता त्या पदाकडे वळू. मैना ते घरी, देवळात किंवा सहलीत म्हणत नाही. ते तिच्या धंद्याचे पद आहे. समोरचे गिऱ्हाईक ज्या मुलखाचे, त्या मुलखाची बोली पदात येते. मराठीतून निघालेले पद गुजराती, बंगाली, तमिळ, तेलुगू अशी वळणे घेत जाते. प्रत्येक भाषेबरोबर कृष्णरावांची चालही आपला बाज बदलते, हा संगीताचा चमत्कार आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या चेहऱ्यावर घडत असते. इतक्या भाषा बोलणाऱ्या या बाईची स्वतःची म्हणून एकही भाषा त्या खोलीत ऐकू येत नाही. उद्याची चिंता कशाला, असे ती ज्यांना विचारते त्यांना उद्या आहे. पद संपले की ते आपापल्या घरी जाणार. उद्या नाही तो तिलाच. एवढे कळल्यावर तो ठेका बोटांनी धरवत नाही.

परप्रांतात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे कडवे-कडव्याने भाषा बदलणे ओळखीचे वाटेल. दूधवाल्याशी एक भाषा, कचेरीत दुसरी, देवघरात तिसरी, असे आपले चालूच असते. त्या बहुभाषिकतेचा आपल्याला सार्थ अभिमानही आहे. मात्र आपण संध्याकाळी घरी परततो आणि चप्पल काढताना आपसूक मराठीत बोलू लागतो. मैनेला असे परतायला घर नाही. कोजागिरीच्या रात्री ती कडवी गाळली गेली तेव्हा पदाचा विस्तार तेवढा कमी झाला असे गाळणाऱ्यांना वाटले असेल. माझ्या मते पदाचा अर्थच गाळला गेला.

यातही एक योगायोग आहे. शांता हुबळीकर जन्माने हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या, मातृभाषा कन्नड. मराठी त्यांची कमावलेली भाषा. ‘माणूस’मधील त्यांची मराठी कानाला कुठेही परकी लागत नाही, उलट पुस्तकी मुलामा नसल्यामुळे मैनेच्या तोंडी ती अधिक खरी वाटते. बेळगाव-धारवाडकडील वाचकांना सांगायला नकोच की त्या टापूने मराठी रंगभूमीला व चित्रपटाला किती गळे दिले. हुबळीकरांनी उत्तरायुष्यात आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्यालाही त्याच पदाचे नाव दिले. वृद्धपणीची काही वर्षे एका वृद्धाश्रमात काढून १९९२ मध्ये त्या गेल्या. इतर भूमिकाही त्यांनी केल्या. ‘माझा मुलगा’ (१९३८) मध्येही मोडकांबरोबर त्याच होत्या. लोकांनी लक्षात ठेवले ते एक पद.

चित्रणाविषयी थोडेसे. प्रभातचे कलादिग्दर्शन साहेबमामा फत्तेलालांच्या हाती असे. ‘संत तुकाराम’मध्ये देहू उभे करणाऱ्या त्याच कंपनीने येथे ओल्या रस्त्यांची, अरुंद जिन्यांची, कोपऱ्याकोपऱ्यातून सावल्या साचलेली शहरी वस्ती उभी केली. व्ही. अवधूतांच्या कॅमेऱ्याला अंधाराची भीती नाही. त्या काळचे बरेच बोलपट पात्रांचे चेहरे स्वच्छ दिसावेत एवढ्यासाठी रात्रही दिवसासारखी उजळून टाकीत. ‘माणूस’मधील रात्र रात्र आहे, आणि माणसे तीत कधी अर्धीच दिसतात. चहाच्या दुकानाभोवतीचे प्रसंग, बोलण्याऐवजी हातापायांच्या हालचालींतून उमलणारी जवळीक, हे सारे आजही शिळे झालेले नाही. पुढे गवई म्हणून कीर्ती मिळवलेले राम मराठेही या चित्रपटात पोरसवदा वयात भेटतात.

दोष नाहीत असे नाही. बॉम्बे टॉकीजच्या धर्तीच्या झाडाखालच्या प्रणयगीतांची जी टिंगल मध्ये येते ती चतुर आहे, हसूही आणते. तरी एका कंपनीने दुसरीला काढलेला चिमटा या पलीकडे ती फारशी जात नाही आणि जरा लांबतेही. शांतारामबापूंचा उपदेशाचा सोसही अधूनमधून डोके वर काढतो. जे आपण मघाच पाहिले ते पुन्हा प्रतीकातून सांगण्याचा मोह त्यांना आवरत नाही. आजच्या प्रेक्षकाला याचा जाच होईल. मला होतोच.

या चित्रपटाची आठवण निघाली की ‘देवदास’ची निघतेच. १९३५ साली न्यू थिएटर्सने पडद्यावर आणलेल्या शरदबाबूंच्या देवदासाने देशभरच्या तरुणांना प्रेमभंगात झुरण्याचा एक सुंदर नमुना घालून दिला होता, आणि ‘माणूस’ हे त्याला दिलेले उत्तर मानले जाते. इंग्रजीत या चित्रपटाला दिलेल्या नावाचा आशयही आयुष्य जगण्यासाठी आहे, असाच होता. परंतु उत्तर म्हणून पाहताना आपण गणपतकडेच पाहतो: तो मोडला नाही, मद्यात बुडून संपला नाही. मला वाटते, खरे उत्तर मैना देते. शरदबाबूंची चंद्रमुखी देवदासापायी आपले जग सोडते आणि त्या त्यागाने पावन होते. वाचकाची सहानुभूती तिला त्या किमतीत मिळते. मैना कोणाच्याही दृष्टीने पावन होत नाही. ती खून करते, त्याची जबाबदारी घेते, आणि प्रियकराने उघडलेल्या वाटेने पळून जाण्याचे नाकारते. आपल्याकडील रसिक १९५७ च्या ‘प्यासा’तील गुलाबोचे भरभरून कौतुक करतात. ते योग्यच आहे. गुरुदत्तांची चित्रपटातील उमेदवारी प्रभातमध्येच झाली होती, आणि मैना गुलाबोच्या अठरा वर्षे आधी येऊन गेली होती. गुलाबोला अखेर कवीची साथ मिळते. मैनेच्या बाबतीत तेवढे मऊ होण्याचे या चित्रपटाने टाळले.

ते टाळणे प्रेक्षकाला महागात पडते. लग्न नाही, मरण नाही, डोळे पुसत बाहेर पडण्याची सोय नाही. ‘कुंकू’ पाहून अन्यायाविरुद्ध त्वेष घेऊन बाहेर पडता येते; ‘माणूस’ पाहून कोणावर रागवावे तेच कळत नाही. आईवर रागवता येत नाही, गणपतवर नाही, मैनेवर तर नाहीच. मामा मेलेला आहे. उरतो आपण.

आता जुने चित्रपट मिळवून पाहणे पूर्वीसारखे अवघड राहिलेले नाही. दोन वर्षांपूर्वी मी घरी चार-पाच स्नेह्यांना बोलावून ‘माणूस’ लावला होता. ते पद सुरू झाले तशी आमच्या एका वहिनींनी सवयीने चाल धरली. भाषा बदलल्या तशी त्यांची गुणगुण मंदावली, आणि गुजराती कडवे आले तेव्हा त्या अगदी गप्प झाल्या. चित्रपट संपल्यावर चहा झाला, घरच्या-दारच्या गोष्टी झाल्या. निघताना दारात थांबून त्या म्हणाल्या, “भावोजी, लहानपणी आमच्या आईनं मला हे गाणं म्हणायची एकदा बंदी केली होती. कारण मात्र कधी सांगितलं नाही.”