‘हम दो’ मराठीत आणताना

भिलाईच्या ज्या सेक्टरमध्ये मी वाढले, तिथे दवाखान्याच्या वाटेवर एका भिंतीवर लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’ रंगवलेलं होतं. वडील विदर्भातून पोलाद कारखान्यात आलेले. घरात मराठी, बाहेर हिंदी नि छत्तीसगढी. आम्ही तिघी बहिणी. त्या भिंतीजवळ आली की आई झपाझप चालायची.

अलीकडे एका हिंदी निबंधाचं भाषांतर करताना हेच चार शब्द आले आणि मी अडले. ‘आम्ही दोघं, आमची दोन’ म्हटलं तर जोडपं तिसऱ्या कुणाला तरी हिशेब देतंय. ‘आपण दोघं, आपली दोन’ म्हटलं तर नवराबायको एकमेकांशी बोलताहेत. हिंदीच्या ‘हम’ला हा भेद करावा लागत नाही, म्हणून सरकारी फर्मान घरगुती गुजगोष्टीच्या आवाजात बोलू शकतं. ‘हमारे’चीही तीच गत. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘बच्चे’ पुल्लिंगीच. मराठीत ‘मुलं’ नपुंसकलिंगी, आणि ‘आमचे दोन’ लिहिलं की कानाला दोन मुलगेच ऐकू येतात. आमच्या घरात दोनावर का थांबलं नाही, ते त्या एका मात्रेत आहे.

मराठीला हा विषय घोषणेच्या कितीतरी आधी ठाऊक होता. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७पासून १९५३ साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, आणि ते त्यांनी ठरवून. ‘संततिनियमन’ हा शब्द रुक्ष आहे, पण मला तो ‘कुटुंबनियोजना’पेक्षा प्रामाणिक वाटतो. कुटुंब म्हटलं की कुटुंबप्रमुख आलाच, आणि त्याची आईही. कर्व्यांचा जोर किती मुलं यावर नव्हता. गर्भाच्या धास्तीशिवाय बाईलाही सुख मिळावं यावर होता. त्याच काळात ना. सी. फडके संततिनियमनाची बाजू सुप्रजननाच्या अंगाने मांडत होते. पुढे सरकारी भाषेने फडक्यांचं गणित उचललं, कर्व्यांचं सुख सोडून दिलं. (कर्व्यांचं गद्य हिंदीत नेणं सोपं नाही, त्यांचा तिरकसपणा तिकडे नुसता उद्धटपणा वाटतो.)

छत्तीसगढमध्ये या सर्वनामांना दुसरा संदर्भ आहे. नोव्हेंबर २०१४मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया काही तासांत उरकल्या गेल्या. नंतर त्यांतल्या कित्येक जणी दगावल्या. आणि याच प्रदेशात, मध्य प्रदेश काळातल्या १९७९च्या आदेशानुसार, बैगांसारख्या जमातींना नसबंदी नाकारली जात होती, कारण त्यांची संख्या घटू द्यायची नव्हती. एकीला टेबलावर घाईने चढवलं, दुसरीने मागितलं तरी दारातून परत पाठवलं. दोन्हीकडे आदर्श आकडा आधीच ठरलेला होता, आणि तो बाईला विचारून ठरलेला नव्हता.

त्या निबंधाचा लेखक घोषणेला ‘दांपत्याचा संवाद’ म्हणतो. त्याच्या मताला ‘आपण’ सोयीचं पडलं असतं. मी ‘आम्ही दोघं, आमची दोन’ ठेवलं आणि संपादकाला कारण कळवलं. आईला फोनवर दोन्ही वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “भिंतीवर तर आम्हीच होतं गं. आपण कुठं होतं?” मग तिने गॅसवर दूध ठेवलंय म्हणून फोन ठेवला.