तक्त्यातले मूल आणि समोरचे मूल

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. इथे इंग्लंडमध्ये नर्सरीत जबाबदारीचे काम हवे असेल तर बालसंगोपनाची पात्रता लागते. त्या अभ्यासक्रमातला पहिला मोठा विषय होता, 'मुले आणि तरुण यांचा विकास कसा होतो'. जन्मापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतचा सारा प्रवास वयाच्या रकान्यांत बसवलेला: शारीरिक, बौद्धिक, भाषिक, भावनिक, सामाजिक. दोन मुले वाढवून झालेली असल्यामुळे मला वाटले, हा पेपर म्हणजे हातचा मळ! पेपर सुटलाही. विषय मात्र अजून सुटलेला नाही.

मंडळाच्या वाचकांपुढे पाठ्यपुस्तकाची चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या तक्त्यांवर आम्ही विद्यार्थिनी घोकंपट्टी करतो, त्याच तक्त्यांनी तुमची मुले आणि नातवंडे मोजली जातात. दोन वर्षांच्या तपासणीचा कागद घरी येतो आणि 'अपेक्षेपेक्षा मागे' एवढे दोन शब्द वाचून आईचा जेवणावरचा जीव उडतो. तेव्हा हे माप आले कुठून, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

आधी त्याच्या बाजूने बोलते. ब्रिटनमध्ये हे तक्ते रुजवण्याचे मोठे श्रेय डॉ. मेरी शेरिडन या बालरोगतज्ज्ञ बाईंना जाते. त्यांचे तक्ते १९६० साली प्रसिद्ध झाले. लहान मुलांची दृष्टी आणि श्रवण तपासण्याच्या चाचण्याही त्यांनी बसवल्या. हेतू स्वच्छ होता: ज्या मुलाला ऐकू येत नाही किंवा नीट दिसत नाही, ते वेळेत सापडावे. मूल ठोकळ्यांचा मनोरा किती उंच रचते, हाकेला मान वळवते की नाही, हे बघण्यामागे तो कळवळा होता. तक्त्याला सरसकट नावे ठेवणे म्हणजे कृतघ्नपणा होईल.

माझी तक्रार आहे ती तक्ता ज्या सुरात शिकवला जातो त्याबद्दल. माझ्या पुस्तकात लिहिले होते, 'या वयात मूल हे करते.' कोणते मूल? कोणाच्या घरातले? शेरिडनच्याही आधी अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल यांनी मुलांच्या वाढीचे बारकाईने निरीक्षण करून वयोमान ठरवले. त्यांची मुले होती मुख्यतः न्यू हेवन शहरातल्या मध्यमवर्गीय गोऱ्या घरांतली. निरीक्षण चोख होते, पण 'ही मुले असे करतात' याचे हळूहळू 'मुले असे करतात' झाले, आणि पुढे 'मुलांनी असे करायला हवे' झाले. वर्णनाचा असा नियम होतो तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही.

रांगण्याचेच बघा. रांगणे म्हणजे वाढीची पायरी, हे आपण आजीपासून ऐकत आलो. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांचा मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यांत शंभरातली चारेक मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. इतर टप्पे गाठत ती सरळ चालू लागली. आधाराशिवाय चालण्याचे वय सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले निघाले. सगळी मुले निकोप! २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या यादीतून रांगणे काढूनच टाकले, आणि शंभरातली निदान पंचाहत्तर मुले ज्या वयात एखादी गोष्ट करू लागतात, ते वय धरायचे ठरवले. म्हणजे तक्ता बदलता येतो. तो माणसांनीच केलेला असतो. ही एक ओळ पहिल्या तासाला फळ्यावर लिहायला हवी होती.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय ही टीका प्रामाणिक होणार नाही.

ज्या नर्सरीत मी उमेदवारी करत होते, तिथे सव्वातीन वर्षांचा एक मराठी मुलगा होता. तीन महिने झाले तरी तोंडातून शब्द नाही. माझ्या वहीत मी इंग्रजीत नोंद केली: एकटा खेळतो, दोन शब्दांचे वाक्यही जोडत नाही, भाषा अपेक्षेपेक्षा मागे. त्याच्याशी मराठीत बोलावे असे मनात येई; पण माझे काम तपासणाऱ्या बाई शेजारी उभ्या असताना जीभ रेटत नसे. चार गोऱ्या बायकांत 'आपली' भाषा काढणे कमीपणाचे वाटले, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्या दिवशी त्याला न्यायला आजोबा आले. दाराशीच गडी सुरू झाला, "आबा, लाल गाडीचं चाक निघालं होतं. मी बसवत होतो, तर ती बाई नो म्हणाली आणि गाडी वरच ठेवून दिली!"

ती बाई म्हणजे मी. आधी काय झाले, मग काय झाले, कोणामुळे बिघडले, आणि वर तक्रार: सगळे व्याकरणासकट. माझ्या वहीत त्याच अर्ध्या तासाची नोंद होती, 'भाषा मागे'.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईशी बोलले. ती म्हणाली, "काकू, आम्ही तर महिनाभर घरी इंग्रजीच बोलतोय. मराठीमुळे त्याचा गोंधळ होतोय असं सांगितलं आम्हाला." हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांमुळे मुलाची वाणी खुंटत नाही. त्याचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात. आणि नव्या भाषेच्या घोळक्यात पडलेले मूल काही काळ गप्प राहून नुसते ऐकते, हेही बालशिक्षणात जुनेच ज्ञान आहे. इंग्लंडची सरकारी चौकट २००८ पासून लागू आहे. इंग्रजीत मूल कमी पडते असे वाटले तर घरच्या भाषेतले त्याचे कौशल्य पालकांकडून समजून घ्यावे, असे ती आज स्पष्ट बजावते. नियम चांगला आहे. माझ्या पुस्तकात त्याला जेमतेम दोन ओळी होत्या, आणि रकान्यांना चाळीस पाने.

मूळ चूक कुठे होते, ते एका जुन्या प्रयोगाने मला समजले. प्याजे यांच्या प्रसिद्ध कसोटीत सारख्या सोंगट्यांच्या दोन रांगा मुलापुढे मांडतात. मग मोठा माणूस एक रांग लांबवतो आणि विचारतो, 'आता दोन्ही सारख्या आहेत का?' चार-पाच वर्षांची बरीच मुले 'नाही' म्हणतात. निष्कर्ष असा, की त्यांना संख्येचे भान आलेले नाही. एडिंबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७४ मध्ये तोच प्रयोग जरा फिरवला. रांग विस्कटायला एक खट्याळ टेडी अस्वल आणले. तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले! मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून पुन्हा प्रश्न विचारला, की उत्तर बदलायला हवे असणार, असा व्यवहारी अंदाज मूल बांधते. म्हणजे चाचणीत नुसते मूल मोजले जात नाही. विचारणारा आणि मूल यांच्यातले नातेही मोजले जाते. माझ्या वहीत त्या मुलाची भाषा नव्हतीच. माझ्यापुढचे त्याचे मौन होते.

इथे आपल्या माणसांनी खूश होऊन टाळ्या पिटू नयेत. "आमचा बंड्याही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आज सर्जन आहे," हे वाक्य मी प्रत्येक गणेशोत्सवात ऐकते. मूल मराठीतही बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, येत असलेले शब्द हरवत असेल, तर त्याला संस्कृतीच्या पदराखाली झाकू नका. श्रवणाची तपासणी करून घ्या, डॉक्टरांना दाखवा. तक्ता त्यासाठीच आहे. तो दार ठोठावतो, निकाल देत नाही. तसेच पाच वर्षांच्या चिरंजीवांना घास भरवायचे आणि नर्सरीने 'हाताने जेवत नाही' लिहिले की रागवायचे, यातही अर्थ नाही.

मग विद्यार्थ्यांना शिकवावे कसे? मला उत्तर सापडते ते आपल्याच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, आणि पुढे दोघींनी ते कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी पाने, बिया, शंखशिंपले वापरले. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. 'हे मूल आपल्या साधनाला पुरे पडत नाही' असे न म्हणता 'आपले साधन या मुलाला पुरे पडत नाही' असे त्या म्हणाल्या. बालविकासाच्या पुस्तकाचे पहिले पान यावर असायला हवे.

वहीतली ती नोंद मी फाडली नाही. तिच्याखाली नवी तारीख घालून आजोबांशी झालेले ते संभाषण लिहिले, इंग्रजी भाषांतरासह, आणि तपासणाऱ्या बाईंना दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, "मग गाडीचे चाक त्याला बसवू दिले का?"

तोपर्यंत दिले नव्हते. त्या दुपारी मी लाल गाडी फळीवरून खाली काढली, त्याच्यासमोर बसले आणि म्हटले, "हं, बसव बघू." त्याने एकवार माझ्याकडे बघितले, चाक दाबून बसवले, आणि मग पुष्कळ वेळ बोलत राहिला.