सापडलेले यंत्र, न खेळलेला डाव

हारुकी मुराकामी हे नाव आता मराठी वाचकाला परके राहिलेले नाही. त्यांच्या मोठ्या कादंबऱ्या इंग्रजीतून आपल्याकडे येऊन पोहोचल्या आणि त्यांच्यावर पुष्कळ बोललेही गेले. आम्ही येथे लिहीत आहो ते मात्र त्यांच्या एका लहानशा, काहीशा दुर्लक्षित पुस्तकाविषयी. ‘पिनबॉल, १९७३’ ही त्यांची दुसरी कादंबरी. ती जपानीत १९८० साली प्रसिद्ध झाली. लेखक त्या वेळी टोकियोत जॅझ संगीताचा एक बार चालवीत होता आणि रात्री बार बंद झाल्यावर स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून लिहीत होता. आल्फ्रेड बर्नबॉम यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८५ साली निघाले खरे, पण ते जपानमधील इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी होते. ही आपली कच्च्या हाताची लेखणी आहे, असे मानून मुराकामींनी ती जपानबाहेर बराच काळ जाऊ दिली नाही. टेड गूसेन यांचे नवे भाषांतर २०१५ साली आले, तेव्हाच ती जगापुढे मोकळी झाली. लेखकाचे स्वतःच्या पुस्तकाविषयीचे हे मत आम्हांस पूर्णपणे मान्य नाही. का, ते पुढे येईलच.

ज्या खेळाभोवती ही कादंबरी फिरते, तो आपल्यापैकी अनेकांनी हाताने खेळलेला नसेल. विंडोजच्या जुन्या संगणकांवर ‘स्पेस कॅडेट’ नावाचा एक खेळ असे. संगणकाच्या वर्गात शिक्षकांची पाठ वळली की मुले तो उघडीत. बहुतेकांची पिनबॉलशी ओळख एवढीच. त्याच्या आधीच्या पिढीला बागाटेल ठाऊक आहे: लाकडी पाटी, अर्धवर्तुळात ठोकलेले खिळे, बाजूला स्प्रिंगचा दांडा आणि पोलादी गोळ्या. पिनबॉल हे त्याच बागाटेलचे थोरले भावंड. मोंटेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थाने १८७१ साली अमेरिकेत स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट घेतले. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ बाजारात आणला आणि मंदीने गांजलेल्या माणसांना एका नाण्यात घटकाभर विसावा मिळू लागला. पुढे यंत्राला पाय फुटले, वीज आली, दिवे व घंटा आल्या. १९४७ साली ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर फ्लिपर आले, म्हणजे गोळी खाली निसटू लागली की बटण दाबून तिला परत वर उडविणाऱ्या छोट्या पट्ट्या. तोवर हा खेळ बव्हंशी नशिबाचाच होता, आणि म्हणूनच त्याच्यावर जुगाराचा शिक्का बसला होता. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली त्याच्यावर बंदी घातली आणि छायाचित्रकारांसमक्ष यंत्रे घणाने फोडविली. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगरसभेत प्रत्यक्ष खेळून, गोळी कोठे जाणार हे आधी सांगून ती तेथे पाठवून दाखविली, तेव्हा कोठे हा खेळ कौशल्याचा ठरला.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण तिच्यावाचून ही कादंबरी नीट उमगत नाही. खेळणारा यंत्राला हलका धक्का देऊन गोळीची वाट किंचित बदलू शकतो. पण धक्का जरा जास्त झाला की ‘टिल्ट’ अशी अक्षरे उजळतात, फ्लिपर लुळे पडतात आणि गोळी डोळ्यांदेखत खाली निघून जाते. ही युक्ती हॅरी विल्यम्स यांनी १९३४ च्या सुमारास काढली. यंत्राशी लगट चालते, जबरदस्ती चालत नाही. पडद्यावरच्या खेळात हा अनुभव नाही, कारण तेथे धक्का देण्यास काही वस्तूच नसते.

आता कादंबरीकडे वळू. निवेदक टोकियोत मित्राबरोबर भाषांतराची छोटी कचेरी चालवितो. त्याच्या घरी दोन जुळ्या मुली राहतात. त्यांना नावे नाहीत, अंगावरच्या सदऱ्यांवरील २०८ आणि २०९ हे आकडे तेवढे आहेत. दूर त्याच्या मूळ गावी ‘रॅट’ नावाचा त्याचा मित्र एका बारमध्ये बसून दिवस ढकलीत असतो. ही दोन सूत्रे कोठेच एकत्र येत नाहीत. आरंभी नाओको नावाची एक मुलगी येते. १९६९ मध्ये तिने आपल्या गावाविषयी, स्टेशनच्या फलाटावर हिंडणाऱ्या कुत्र्याविषयी सांगितलेले असते. चार वर्षांनी निवेदक केवळ तो कुत्रा पाहण्यासाठी त्या गावी जातो. नाओको तेव्हा या जगात नसते.

मग यंत्र येते. त्याचे नाव ‘स्पेसशिप’, तीन फ्लिपरांचे, शिकागोच्या एका कल्पित कंपनीचे. (कादंबरीत पिनबॉलचा इतिहासवजा मजकूरही येतो. त्यातील रेमंड मोलोनी हे नाव खरे असले, तरी सुज्ञ वाचकाने त्याला इतिहास समजू नये.) १९७० च्या हिवाळ्यात निवेदक टोकियोतील एका खेळघरात या यंत्रापुढे दिवस घालवितो. लेखक त्याचा उल्लेख ‘ती’ असा करतो आणि ती बोलतेही. एके दिवशी निवेदक जातो, तर खेळघर पाडलेले असते आणि त्या जागी रात्रंदिवस उघडे राहणारे डोनटचे दुकान आलेले असते. एवढेच. कोणी शोक करीत नाही. १९७३ च्या शरदात ते यंत्र अकस्मात त्याच्या मनात पुन्हा उभे राहते, आणि स्पॅनिश भाषेच्या एका प्राध्यापकाच्या मदतीने तो त्याचा माग काढतो.

येथे काळाचा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. १९७३ ते १९८० म्हणजे अवघी सात वर्षे. इतक्या अलीकडच्या गोष्टीची हुरहुर कोणाला लागते? पण त्या सात वर्षांच्या पोटात १९७८ आहे. त्या वर्षी टाइटो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ आला आणि जपानी खेळघरांचा कायापालट झाला. पडद्याच्या खेळाला थोडी जागा पुरे. त्यात झिजणारे रबर नाही, अडकणारी गोळी नाही. पिनबॉलच्या पोटात मात्र शेकडो तारा, गुंडाळ्या आणि कळा. त्याला सतत जाणत्या हाताची गरज. गल्ल्याचे गणित कोणाच्या बाजूने होते हे उघड आहे. म्हणजे कादंबरी छापली गेली, तेव्हा तिच्यातील खेळ तिच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे मावळत होता. लेखक मात्र व्हिडिओ खेळांवर चकार शब्द काढीत नाही, नव्या पिढीला बोल लावीत नाही. तो डोनटच्या दुकानाचे नाव घेतो आणि पुढे जातो. हा संयम कच्च्या हाताचा नव्हे.

नाओकोचा मृत्यू आणि हे यंत्र यांच्यातील दुवा लेखक उघडपणे जोडीत नाही. परंतु खेळघरातील त्या दिवसांत यंत्र निवेदकाला जे म्हणते, ते कोणत्याही खेळाविषयी असू शकत नाही. तुझा दोष नव्हता, तू शक्य ते केलेस, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. आणि तो नाकारतो. आपण काहीच केले नाही, करता आले असते तरीही, हे तो सांगतो, आणि हात मात्र फ्लिपरच्या बटणावर चालूच असतात. स्वस्तात मिळणारी दोषमुक्ती न घेणारा हा माणूस आम्हांस मोलाचा वाटला. दुसऱ्या एका प्रसंगी तो जुळ्या बहिणींसह टेलिफोनच्या एका निकामी स्विचबोर्डाचा अंत्यविधी करतो. जलाशयाच्या काठी, पावसात, प्रार्थना म्हणून कांटचे वाक्य म्हणून दाखवितो. प्रसंग विनोदी आहे, पण आम्हांस पूर्ण हसता आले नाही. नोव्हेंबरात आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या घरांना त्यातील पोकळी चटकन जाणवेल. ज्या मुलीसाठी त्याने शब्द शोधावयाचे, तिच्यासाठी ते नाहीत. म्हणून ते एका यंत्राच्या वाट्याला येतात.

शेवटी यंत्र सापडते. गावाबाहेर एक जुने शीतगृह आहे, जेथे पूर्वी कोंबड्या साठवीत. एका संग्राहकाने तेथे ७८ यंत्रे ओळीने उभी करून ठेवली आहेत. आत गोठविणारी थंडी आणि जुना वास. निवेदक कळ दाबतो, सर्व यंत्रे उजळतात, ‘ती’ त्याच्याशी बोलते. जुनी माणसे बोलतात तसे ते थोडेसे बोलतात. आणि तो खेळत नाही. पूर्वी मिळविलेला गुणांचा उच्चांक त्याला मळवावयाचा नसतो. तो दिवे मालवितो आणि मागे न पाहता निघून जातो. आमच्या मते साऱ्या कादंबरीतील हे सर्वांत चांगले प्रकरण.

तरीही या निर्णयावर आमचे मन स्थिर होत नाही. आमचे थोरले बंधू निवर्तल्यानंतर माळ्यावरून बागाटेलची पाटी खाली निघाली. पाटीच्या पाठीशी पेन्सिलीने त्यांचा उच्चांक लिहिलेला होता, खाली दोन रेघा मारून. आम्ही ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. बंधूंच्या नऊ वर्षांच्या नातीने ती मागितली, तेव्हा प्रथम नाही म्हटले. का नाही म्हटले, याचे धड उत्तर आमच्यापाशी नव्हते. तिने दोन दिवसांत तो आकडा ओलांडला आणि आजोबांच्या अक्षराखाली स्वतःचा आकडा लिहिला. आम्हांस त्या वेळी वाईट वाटले. आता वाटत नाही. शीतगृहाचे प्रकरण वाचताना मात्र हे आठवले, आणि निवेदकाने एक गोळी तरी सोडावयास हवी होती, असे वाटून गेले.

कारण यंत्र न खेळता राखता येते का, हा प्रश्न पिनबॉलच्या बाबतीत पुढे खरोखरच उभा राहिला. १९९२ च्या ‘ॲडम्स फॅमिली’ या यंत्राच्या वीस हजारांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि तोच धंद्याचा शेवटचा मोठा बहर ठरला. गॉटलिबचे नाव चालविणारी कंपनी १९९६ मध्ये मिटली. विल्यम्सने १९९९ मध्ये पिनबॉल सोडले. जपानमध्ये सेगाने २०२० मध्ये आपल्या खेळघरांच्या धंद्याचा मोठा हिस्सा विकला आणि २०२२ मध्ये उरलेलाही. राहिलेल्या यंत्रांपैकी कित्येक श्रीमंतांच्या तळघरांत गेली, म्हणजे मुराकामींचे शीतगृह खरे झाले. पण लास वेगासचे ‘पिनबॉल हॉल ऑफ फेम’ किंवा कॅलिफोर्नियातील अलमीडा येथील पॅसिफिक पिनबॉल संग्रहालय यांनी दुसरी वाट धरली. तेथे जुनी यंत्रे लोकांना खेळावयास दिलेली आहेत. ती झिजतात, बिघडतात, कोणीतरी पाठ उघडून दुरुस्त करतो. त्यांच्यावरचे जुने उच्चांक रोज मोडले जातात.

कादंबरीचे दोष लपविण्याचे कारण नाही. रॅटची प्रकरणे सैल आहेत आणि त्याची उदासी पुष्कळदा बिअरच्या ग्लासापलीकडे जात नाही. जुळ्या मुली कॉफी करतात, कान साफ करतात आणि शेवटी बसने निघून जातात. लेखकाने त्यांना माणूस होऊ दिलेले नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे नाओको. यंत्राला जेवढी वाणी मिळाली, त्याच्या निम्मीही तिला मिळत नाही. फलाटावरचा कुत्रा तिच्यापेक्षा स्पष्ट दिसतो. निवेदकाची असमर्थता दाखविण्यासाठी हे जाणूनबुजून केले आहे, असे म्हणता येईल. पण तरुण लेखकाची स्वतःची असमर्थताही त्यात मिसळलेली आहे. याच नावाची दुसरी एक मुलगी त्यांनी १९८७ च्या ‘नॉर्वेजियन वुड’ मध्ये पुन्हा आणली व तिला पुरेपूर बोलू दिले. हे त्यांना आधीच्या पुस्तकातील ऋण जाणवल्याचे लक्षण आहे की काय, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

गूसेन यांचे भाषांतर ‘विंड/पिनबॉल’ या जोड-पुस्तकात मिळते. वाचकांनी त्यातील पहिली कादंबरी ‘हिअर द विंड सिंग’ आधी वाचावी, म्हणजे तो बार आणि तो मित्र ओळखीचे होतील. दोन्ही मिळून दोन-तीन संध्याकाळींचे वाचन आहे. मुले मोठी असतील, तर पुस्तक त्यांच्याही हाती द्यावे. आधी पिनबॉल म्हणजे काय ते मात्र त्यांना सांगावे लागेल.