'विल' आणि 'शॅल' : रामानुजनांच्या एका वचनानुवादातील अर्थनिर्णय

अनुवादाच्या समीक्षेत शब्दकळा, प्रतिमा आणि लय यांची चर्चा पुष्कळ होते. सहायक क्रियापदे मात्र व्याकरणाची बाब म्हणून बाजूला पडतात. इंग्रजीतील 'विल', 'शॅल', 'कॅन', 'शुड' ही क्रियापदे विधानामागील निश्चय, शक्यता वा कर्तव्यभाव व्यक्त करतात. कन्नड आणि मराठी या भाषा हे कार्य पुष्कळदा धातूला लागणाऱ्या प्रत्ययांवर सोपवितात. परिणामी, मुळात एकाच रूपात सामावलेल्या अर्थच्छटांपैकी एकीची निवड इंग्रजी अनुवादकाला करावी लागते. ही निवड म्हणजे संहितेचा अर्थनिर्णयच होय. म्हैसूरमध्ये जन्मलेल्या आणि तेथील महाराजा महाविद्यालयात शिकलेल्या ए. के. रामानुजन (१९२९–१९९३) यांच्या 'स्पीकिंग ऑफ शिव' (१९७३) या संग्रहातील बसवण्णांचे देवालयविषयक वचन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

बाराव्या शतकातील या वचनाचा आशय सर्वपरिचित आहे. धनवंत शिवालये उभारतात. निर्धन भक्त आपण काय करावे असे विचारतो, आणि स्वतःच्या देहालाच देवालय ठरवितो. शेवटी स्थावर आणि जंगम यांचा विरोध मांडला जातो. या तीन टप्प्यांवर मूळ क्रियारूपे भिन्न आहेत.

धनवंतांसाठी आलेले 'माडुवरु' हे रूप भविष्याबरोबर नित्यक्रमही सुचविते. मराठी अनुवादकाला 'करतील' आणि 'करतात' यांपैकी एकाची निवड करावी लागेल. रामानुजनांनी योजिलेले 'विल' मात्र दोन्ही अर्थ सांभाळते, कारण इंग्रजीत ते भविष्याप्रमाणेच स्वभाव आणि सवयही दाखविते.

भक्ताच्या प्रश्नातील 'माडलि' हे रूप अधिक नाजूक आहे. मराठीत येथे तीन वाटा संभवतात. 'मी काय करू?' या प्रश्नात ऐकणाऱ्याची इच्छा विचारली जाते; 'काय करावे?' यात औचित्याचा विचार येतो. 'गरीब काय करणार?' यात मात्र प्रश्न उरतच नाही, केवळ अगतिकता उरते. इंग्रजीत 'कॅन' योजिले असते तर भाव या तिसऱ्या वाटेने गेला असता, आणि 'शुड' योजिले असते तर दुसऱ्या. वचनात प्रश्नापाठोपाठ उत्तर येते, हे येथे निर्णायक आहे. पाय खांब होतात, देह देऊळ होतो, शिर सुवर्णकलश होते. ज्या प्रश्नाला उत्तर मिळते तो अगतिकतेचा उद्गार असू शकत नाही. म्हणून रामानुजनांचे 'शॅल' हे 'करू?' याच्या सर्वांत निकटचे ठरते.

खरा वादाचा मुद्दा शेवटच्या टप्प्यावर उपस्थित होतो. मुळात तेथे 'उंटु' आणि 'इल्ल', म्हणजे 'आहे' आणि 'नाही', एवढेच आहे. रामानुजन तेथेही 'शॅल' आणतात. जॉन वॉलिसच्या १६५३ च्या व्याकरणापासून रूढ झालेल्या नियमानुसार, प्रथमपुरुषी 'शॅल' साधे भविष्य सांगते; तृतीयपुरुषी 'शॅल' मात्र वक्त्याचे वचन, आज्ञा वा निर्धार सूचित करते. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरामुळे या रूपाला भविष्यवाणीचा स्वरही लाभला आहे. परिणामी जे मुळात वस्तुस्वभावाचे कथन होते, ते इंग्रजीत भाकितासारखे ऐकू येते. बसवण्णांच्या विधानात स्थावराचा नाश ही उद्या व्हावयाची शिक्षा नाही. नश्वरता हा स्थावराचा आजचाच धर्म आहे. काळाची ही सरक केवळ शैलीची मानता येत नाही, कारण वचनातील मंदिरविषयक टीका याच वर्तमानकाळावर उभी आहे.

या हानीच्या बदल्यात अनुवादाला एक लाभ झाला आहे, तोही नोंदवावयास हवा. आरंभीच्या प्रश्नातील 'शॅल' आणि अखेरच्या निर्णयातील 'शॅल' परस्परांना प्रतिसाद देतात. संशयाचे क्रियापदच निश्चयाचे होते. मुळातील 'माडलि' आणि 'उंटु' यांच्यात असा ध्वनिसंबंध नाही. मूळ वचनाची एकात्मता 'माडु' या धातूच्या पुनरावृत्तीत आहे. धनवंत जे 'करतात' आणि निर्धन जे 'करू?' म्हणून विचारतो, त्यांचा धातू एकच आहे. इंग्रजीत हा धातू 'मेक' आणि 'डू' असा दुभंगतो. सहायक क्रियापदाची पुनरावृत्ती ती उणीव काही अंशी भरून काढते. 'देऊळ करणे' आणि 'काय करू?' या मराठी प्रयोगांत धातूची एकता टिकते, शिवाय 'आहे' आणि 'नाही' यांनी शेवटही वर्तमानात ठेवता येतो. मराठी अनुवाद थेट कन्नडातून न करता इंग्रजीच्या आधारे केला, तर मराठीला सहजसाध्य असलेल्या या दोन्ही गोष्टी हातच्या जातात.