अर्ज, दगड आणि जुळवणी

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावरील वाङ्मय दिल्लीत बसून वाचताना एक अडचण जाणवते. पुण्यामुंबईच्या वाचकाला या पुस्तकांतून आपले घर दिसते. नोकरीनिमित्त यमुनाकाठी आलेल्या आम्हांला मात्र समोरच्या पक्षाची खुर्चीही दिसते. ज्या सचिवालयावर तो सारा रोष रोखलेला होता, त्याच्याच ओवऱ्यांत आमची उमेदीची वर्षे गेली. म्हणून या वाङ्मयाला एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटते. दिल्लीचे मन नेमके कशाने वळले, आणि आमच्या लेखकांनी ते सांगितले आहे काय?

आचार्य अत्रे यांचे 'कऱ्हेचे पाणी', लालजी पेंडसे यांचे 'महाराष्ट्राचे महामंथन' आणि एस. एम. जोशी यांचे 'मी एस. एम.' ही तीन पुस्तके या संदर्भात प्रथम आठवतात. अत्र्यांचे गद्य सभा जिंकण्यासाठीच जन्मलेले. त्यात शत्रू राक्षसाएवढा आणि मित्र हिमालयाएवढा असतो. मधल्या उंचीची माणसे त्यात फारशी राहत नाहीत. पेंडशांनी लढ्याचे दप्तर राखले. त्यांचे ऋण मोठे आहे, पण दप्तराला आवाज नसतो. एस. एम. यांचे निवेदन साधे, सरळ आणि स्वतःविषयी संकोची आहे. या तिघांचे स्वभाव ध्यानात घेतले म्हणजे त्यांनी काय सांगितले आणि काय निसटले याचा उलगडा होऊ लागतो.

या लढ्याची सुरुवात रस्त्यावर झाली नाही. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात मागणीला संघटित रूप आले. त्यानंतर दार आयोग झाला, जवाहरलाल, वल्लभभाई व पट्टाभी यांची समिती झाली, फाजल अली आयोग झाला. धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाची बुद्धी निवेदनांच्या कामी लागली. नऊ वर्षे महाराष्ट्राने अर्ज केले. आम्ही कारकुनी पेशाची माणसे. अर्जाची महती आम्हांस ठाऊक आहे आणि त्याची गतीही. निर्दोष अर्जाच्या वाट्यालाही पुष्कळदा केवळ पोच येते.

अर्ज थकला तेव्हा दगड उठला. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर होताच शहर पेटले, आणि पुन्हा गोळ्या सुटल्या. १०५ हुतात्म्यांची गणना मराठी मन विसरणार नाही, विसरूही नये. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडताना या गोळीबारांच्या चौकशीचा आग्रह धरला, ते न्याय्यच होते. दगडाने गोळीचे समर्थन होत नाही. परंतु दुसरी गोष्टही तितकीच खरी. गुजराती व्यापाऱ्यांच्या दुकानांवर जे हल्ले झाले त्यांनी प्रतिपक्षाच्या हाती आयते हत्यार दिले. मुंबईत इतरेजन मराठी राज्याखाली सुरक्षित राहतील काय, हा त्यांचा प्रश्न तोवर कुत्सित वाटत होता. त्या दिवसांनी त्याला पुरावा मिळवून दिला.

मग वळण कोठे आले? आमच्या मते ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली तेथे. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ही मंडळी एरवी एका पंगतीला बसणारी नव्हती. त्यांना एका मागणीत बांधणे, जागा वाटून घेणे, अण्णा भाऊ साठे व अमर शेख यांच्या शाहिरीने जमलेला समुदाय मतपेटीपर्यंत नेणे, हे काम दिवसेंदिवस आणि गावोगाव चालले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची वाताहत झाली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा हजारो लोक काळी निशाणे घेऊन वाटेवर उभे राहिले आणि गालबोट लागू दिले नाही. दोन वर्षांपूर्वीचा हाच समाज. राग तोच, शिस्त नवी. १ मे १९६० चे मूळ त्या शिस्तीत आणि त्या मतांत आहे.

असे असता आमच्या वाङ्मयात हे काम किती उतरले? गोळीबाराचे दिवस तासातासाने वर्णिले गेले. सभांतील टाळ्याही नोंदल्या गेल्या. पण चार पक्षांतील तंटे कोणी, कोणत्या खोलीत मिटवले, शिधा कोठून आला, मतदारयाद्या कोणी तपासल्या, हे अंगाखांद्याला लागेल अशा रीतीने वाचायला मिळत नाही. एस. एम. यांच्याकडून ते मिळणे शक्य होते. त्यांचा विनय आड आला. दिल्लीची बाजू यशवंतराव चव्हाणांनी सांगितली असती, पण 'कृष्णाकाठ' १९४६ पाशी थांबते, आणि योजलेला 'यमुनाकाठ' लिहून झाला नाही.

तुलनेसाठी त्याच काळातील एक अमेरिकन पुस्तक घ्यावे. ५ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस टिकला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९५८ मधील 'स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम' या पुस्तकात भाषणे आहेतच, पण त्यांच्याइतकाच मान मोटारींच्या वेळापत्रकाला आहे. सुमारे ३०० मोटारी, सकाळी माणसे घेण्याची ४८ ठिकाणे, परतीची ४२. परक्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका मैलोगणती चालत जातात. काही गोऱ्या गृहिणी मोलकरणीवाचून अडते म्हणून स्वतःच गाडी काढून त्यांना आणावयास येतात, आणि नगराध्यक्ष त्यांच्यावर चिडतो. जानेवारी १९५६ च्या अखेरीस किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा जमलेल्या संतप्त जमावाला त्यांनीच घरी पाठवले. अंतिम निकाल न्यायालयाने दिला हे खरे. पण तोवर समाज एकवटून उभा होता. आमच्या लढ्यात असे प्रसंग घडले नाहीत असे नव्हे. ते लिहिण्याजोगे आहेत असे आम्हांला वाटले नाही.

याचा परिणाम केवळ वाङ्मयीन नाही. जी पिढी लढा पुस्तकांतून शिकते ती त्यातले ठळक तेवढेच उचलते. राजधानीच्या वेशीवर सिंघू, टिकरी व गाझीपूर येथे नोव्हेंबर २०२० पासून शेतकरी वर्षभराहून अधिक बसले. त्या कायद्यांच्या बऱ्यावाईटाविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. पण आपल्या मंडळींच्या बैठकींत तो विषय निघतो तेव्हा काय आठवते? २६ जानेवारी २०२१ ची लाल किल्ल्यावरची एक दुपार. तीन हिवाळी-उन्हाळी ऋतू पेटत्या राहिलेल्या चुली, लंगरातील पाळ्या आणि संघटनांच्या लांबलेल्या बैठका यांची आठवण सांगणारा क्वचितच भेटतो. कायदे मागे घेण्याची घोषणा १९ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. ती त्या दुपारीनंतर जवळजवळ दहा महिन्यांनी, लोक बसून राहिले म्हणून.

येथे आमच्याच वर्गाला एक गोष्ट ऐकवल्याखेरीज लेखणी ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रस्त्यावरच्या गोंगाटाने आम्ही खिडकी लावून घेतो आणि सनदशीर मार्गाचा उपदेश करतो. सनदशीर मार्गाने आलेले कागद आमच्याच टेबलावर किती दिवस पडून होते, हे मात्र विचारीत नाही. दगडाचा धिक्कार करण्याचा अधिकार ज्याने अर्ज वेळेवर वाचला त्यालाच आहे. आणि जो अर्जाला विटला आहे, त्याने दगडाकडे वळण्यापूर्वी १९५६-५७ सालातील त्या कंटाळवाण्या, निनावी, चिकट कामाकडे पाहावे. ते त्याला दिसावे एवढे चांगले पुस्तक मात्र मराठीत अजून लिहिले जावयाचे आहे.