जोर कुठे द्यायचा, आणि कुणाच्या कानासाठी?

‘थर्मामीटर’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. आमच्या पाटसच्या घरी आम्ही तो ‘थर्मा’ आणि ‘मीटर’ असे दोन शब्द जोडल्यासारखा म्हणतो, आणि वजन पडतं ‘मी’वर. इंग्रजी शब्दकोश उघडलात तर आघाताची छोटी उभी रेघ दुसऱ्या अक्षराआधी दिसेल: थ-‘मॉ’-मि-टर. आपण ज्याच्यावर जोर देतो तो ‘मी’ तिथे जवळजवळ गिळलेला असतो.

हे मला उशिरा कळलं. एका ऑनलाइन परिषदेत दहा मिनिटांच्या सादरीकरणात मी ‘पॅरामीटर’ हा शब्द सारखा वापरत होतो. प्रश्नोत्तरांत एका परदेशी श्रोत्याने विचारलं, हे मीटर तुम्ही कुठे बसवलंय? त्याला ते एखादं उपकरण वाटलं होतं! खुलासा करण्यातच वेळ संपला आणि कामावरचा खरा प्रश्न राहूनच गेला. त्या रात्री मी सगळा दोष मराठी माध्यमाला देऊन झोपलो. नंतर या विषयावरचं संशोधन वाचलं, तेव्हा प्रकरण जरा वेगळं निघालं.

आधी मूळ मुद्दा. आघात म्हणजे शब्दातलं एक अक्षर इतरांपेक्षा ठळक होणं: थोडं लांब, थोडं मोठं, सूर बदललेला. मराठीतही ठळकपणा असतो, पण त्याने सहसा शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण वृत्तं शिकताना लघू-गुरू मोजले आहेत. अक्षराचं वजन त्याच्या ऱ्हस्व-दीर्घावरून ठरतं, आणि ते वजन आपण शेवटपर्यंत सांभाळतो. इंग्रजीत जोर हलला की स्वरच बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिलं अक्षर ठळक, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसरं, आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसरं. बाकीची अक्षरं पुसट ‘अ’कडे झुकतात. आपण मात्र तिन्ही शब्दांत प्रत्येक अक्षर इमानदारीने पूर्ण उच्चारतो.

मराठी भाषकांच्या इंग्रजीचा अभ्यास नवा नाही. अशोक केळकरांनी १९५७ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात ‘मराठी इंग्लिश’ याच विषयावर लेख लिहिला होता. आपल्या उच्चारांची टिंगल न करता त्यांच्याकडे अभ्यासाची वस्तू म्हणून बघता येतं, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतरचं महत्त्वाचं काम आर. के. बन्सल यांचं. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशने १९६९ साली ते प्रसिद्ध केलं. भारतीयांचं इंग्रजी इतरांना किती समजतं, हे त्यांनी मोजलं. ब्रिटिश श्रोत्यांच्या बाबतीत आकडा आला सुमारे ७० टक्के, आणि न समजण्याच्या कारणांत चुकीचा शब्दाघात ठळकपणे होता. त्यांनी वेगवेगळ्या देशांचे श्रोते घेतले, ही या कामाची ताकद. पण आपल्याकडे त्याचा वापर बरेचदा एवढाच होतो: ‘बघा, आपलं चुकतं.’ कुणाला समजलं नाही, हा अर्धा भाग गळून पडतो.

जेनिफर जेन्किन्स यांनी २००० सालच्या पुस्तकात नेमका तोच भाग उचलला. आज इंग्रजी बोलणारे दोघेही अनेकदा परभाषक असतात. मग त्यांना एकमेकांचं समजण्यासाठी किमान काय लागतं? वाक्यातल्या मुख्य शब्दावरचा जोर त्यांनी आवश्यक मानला. शब्दातला आघात यादीतून वगळला. त्याचे नियम फार गुंतागुंतीचे, शिकवून येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न उत्तम आहे, पण उत्तर मला अर्धंच पटतं. सामान्य बोलण्यातले शब्द घेतले तर नियम खरंच हाताला लागत नाहीत. विज्ञानाच्या शब्दांचं तसं नाही. ‘-इक’, ‘-इटी’, ‘-शन’ या शेवटांच्या बरोबर आधीच्या अक्षरावर जोर येतो: इ-‘लेक’-ट्रिक, पण इलेक-‘ट्रि’-सिटी. ‘-लॉजी’, ‘-ग्राफी’ आणि उपकरणांचं ‘-मीटर’ असेल तर शेवटून तिसरं अक्षर. ‘पॉलिटिक्स’सारखे अपवाद आहेत, सेंटिमीटरसारखी एककंही वेगळी चालतात. पण तुमच्या प्रबंधातले बरेच शब्द एवढ्यात बसतील.

जॉन फील्ड यांनी २००५ साली हाच वाद प्रयोगाने तपासला. शब्दांचा आघात मुद्दाम हलवून ते इंग्रजी भाषकांना आणि परभाषकांना ऐकवले. दोन्ही गटांना त्रास झाला, आणि जोर शब्दाच्या शेवटाकडे सरकला की जास्त झाला. आता आपलेच शब्द बघा. हायपोथिसिसमध्ये जोर ‘पॉ’वर हवा, आपण ‘थे’वर देतो. पॅरामीटरमध्ये ‘रॅ’वर हवा, आपण ‘मी’वर. दोन्हीकडे आपण शेवटाकडेच सरकतो. तरी सावध राहा: फील्ड यांचे शब्द दोन अक्षरी होते आणि सुटे ऐकवलेले होते. आपण चार अक्षरी शब्द संदर्भासकट बोलतो, मागे स्लाइडही असते. त्यामुळे हा निकाल आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही.

‘समजलं नाही’ असं म्हणणारं कुठलंही संशोधन वाचताना तीन गोष्टी विचारायची सवय लावून घ्या: बोललं कोण, ऐकलं कोण, आणि ‘समजलं’ हे मोजलं कसं? तुमच्या स्वतःच्या विषयातही हे तीन प्रश्न थोड्या फरकाने चालतात.

आणि सादरीकरणाआधी एक काम करा. विषयातले वीस शब्द काढा, शब्दकोशात प्रत्येकाची उभी रेघ बघा आणि तेवढं अक्षर ठळक करून मोठ्याने वाचा. ढब मराठीच राहू द्या, तिची लाज नको. मी दौंड-पुणे गाडीत हे करतो. शेजारचे बघतात, पण परवाच्या सादरीकरणात मीटर कुठे बसवलंय, असं कुणी विचारलं नाही. प्रश्न आला तो माझ्या आकडेवारीवर. त्याचं उत्तर मला नीट देता आलं नाही, तरी घरी येताना मी खूश होतो.